हिंगोलीचा कापूस आणि कारखाना-कायद्याची चतुःसीमा

कारखाना म्हणजे काय, हे हिंदुस्थानात कायद्याने प्रथम ठरविले ते १८८१ साली. त्या वर्षीच्या पंधराव्या कायद्यात कारखान्याची जी व्याख्या दिली आहे तीत तीन अटी होत्या. काम यांत्रिक शक्तीवर चालले पाहिजे, कामावर निदान शंभर माणसे असली पाहिजेत आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ काम चालू राहिले पाहिजे. यांपैकी पहिल्या दोन अटींची चर्चा आपल्या औद्योगिक इतिहासाच्या ग्रंथांतून पुष्कळ झाली आहे. तिसरीचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. परंतु कापसाच्या मुलखात राहून हा इतिहास वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ती तिसरी अटच प्रथम भरते. कापसातून सरकी वेगळी काढण्याचे काम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होते आणि उन्हाळा तापू लागला की ओसरते. शेतातून निघालेला कापूस ज्या यंत्रावर पहिल्यांदा चढतो त्या यंत्राचा हंगामच मुळी चार-सहा महिन्यांचा. ज्या जिनिंग कारखान्याचे काम चार महिन्यांच्या आत आटपे, तो कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नव्हता. आणि ज्याचे काम त्याहून लांबे त्याला बहुधा शंभर माणसांची अट वाचवीत असे.

अलीकडे तयार कपड्यांच्या जागतिक व्यापारासंबंधी जे लेखन होते त्यात ‘पुरवठा-साखळी’ हा शब्द वारंवार येतो. युरोप-अमेरिकेतील मोठ्या कंपन्या आपला माल कोणत्या देशातील कोणत्या कारखान्यात शिवला जातो, तेथील मजुरी, कामाचे तास, बालमजुरी यांविषयी काय नियम पाळले जातात, हे जाहीर करू लागल्या आहेत. ही श्रममानके विसाव्या शतकाच्या अखेरीस जन्माला आली, असा एक समज दिसतो. दूरदेशीच्या खरेदीदाराने किंवा प्रतिस्पर्ध्याने इकडील कामगाराच्या तासांची चौकशी करावी, आणि ती चौकशी साखळीतील एका विशिष्ट कड्यापाशी येऊन थांबावी, ही गोष्ट वस्तुतः सव्वाशे-दीडशे वर्षांची जुनी आहे. ती कोठे थांबली आणि कां थांबली, याचा शोध हिंगोलीच्या बाजूने घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिंगोली निवडण्यास कारण आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. निजामी अमदानीत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट फौजेचे महत्त्वाचे ठाणे होते. १९०३ च्या सुमारास ती फौज उठली, तरी गावाची कापसाची पेठ टिकून राहिली. जिल्ह्याच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे वाशीम-पुसदचा भाग, म्हणजे जुना वऱ्हाड. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि तेव्हापासून नदीच्या एका काठावर निजामाचा अंमल व दुसऱ्या काठावर रेसिडेंटाच्या देखरेखीखालचा इंग्रजी अंमल, अशी स्थिती झाली. जमीन तीच, पीक तेच, बोली जवळजवळ तीच. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला तो वऱ्हाडातून. हिंगोलीच्या शेतकऱ्याला कित्येक वर्षे जवळचा लोहमार्ग म्हणजे पैनगंगेपलीकडचाच. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग शतक पालटता पालटता झाला आणि पूर्णा-हिंगोली हा फाटा १९१२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून हिंगोलीचा कापूस थेट रेल्वेने बंदराच्या वाटेला लागला. कायद्याची सीमा व बाजाराची वाट यांचा मेळ बसत नाही तेव्हा काय होते, हे पाहावयास इतकी सोयीची जागा दुसरी क्वचित सापडेल.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. मुंबईत सुताच्या व कापडाच्या गिरण्या १८५० नंतर निघू लागल्या आणि १८७० नंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना ही स्पर्धा सलू लागली. इंग्लंडात स्त्रिया व मुले यांच्या कामाच्या तासांवर कायद्याची बंधने. मुंबईत काहीच नाही. तेव्हा हा सामना विषम आहे, असा त्यांचा आक्षेप. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी १८७५ मध्ये हा प्रश्न पार्लमेंटात मांडला. शाफ्ट्सबरी यांचे सारे आयुष्य इंग्लंडातील गिरणी-मुलांच्या कैवारात गेलेले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांपैकी अनेकांचा हेतू तितका निर्मळ नव्हता, हेही उघड आहे. त्याच वर्षी मुंबई सरकारने पहिला कारखाना आयोग नेमला. आयोगाच्या बहुसंख्य सभासदांना कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र मुलांच्या संरक्षणासाठी प्रयत्न सोडला नाही, आणि अखेरीस १८८१ चा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास, महिन्यातून चार सुट्या, एवढेच त्याचे सार. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

आपल्याकडील राष्ट्रीय वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी अशा कायद्यांना विरोध केला. देशी धंदा बुडविण्याचा हा मँचेस्टरचा डाव आहे, ही त्यांची भूमिका होती आणि तीत तथ्य होते. पण त्या तथ्याने गिरणीतील मुलाचे तास कमी होत नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही कोंडी ज्या रीतीने फोडली ती मला त्या काळातील सर्वांत समंजस रीत वाटते. मँचेस्टरचा हेतू काय, या वादात ते गुंतून पडले नाहीत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध केला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत आणि कामावर इजा झाल्यास निर्वाहाची तजवीज, या त्यातील मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. मानकाची मागणी परक्याने केली होती, तिला स्वतःचा आवाज कामगाराने दिला. मुंबईत हे घडू शकले, कारण तेथे हजारो माणसे वर्षभर एकाच छपराखाली काम करीत होती आणि त्यांच्यात ‘दीनबंधु’ वाचणारे व वाचून दाखविणारे होते. जिनमध्ये यातले काहीच नव्हते.

जिनमध्ये काय होते ते १८८४ साली नेमलेल्या दुसऱ्या मुंबई कारखाना आयोगापुढील साक्षींवरून कळते. या आयोगाने खानदेशातील जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांची माहिती घेतली. जिनच्या रांगांपुढे उभे राहून कापूस भरण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे. पहाटे चार-पाचला सुरू होणारे काम रात्री दहापर्यंत चाले. ऐन हंगामात कारखाना रात्रंदिवस चालू राही आणि तीच माणसे, तेच स्त्री-पुरुष, संध्याकाळच्या अल्प विश्रांतीखेरीज सलग आठवडाभर उभी असत. ही माहिती कामगारांच्या कैवाऱ्यांनी फुगवून सांगितलेली नव्हे. ती धंद्यातल्याच माणसांच्या तोंडून आली आहे. मुंबईच्या कोणत्याही गिरणीत इतके दीर्घ तास नव्हते. म्हणजे ज्या ठिकाणी श्रम सर्वांत कठीण होते तेच ठिकाण व्याख्येने बाहेर ठेवले होते.

हे कसे झाले? एक उत्तर सरळ आहे. मुंबईची गिरणी लँकेशायरची प्रतिस्पर्धी होती. खानदेश-वऱ्हाडचा जिन तिचा पुरवठादार होता. प्रतिस्पर्ध्याचे तास कमी व्हावेत असे वाटणे साहजिक आहे. पुरवठादाराचे तास कमी झाले तर रुई महागते. जिनमधील यंत्रे तरी कोठली? बरीचशी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रज कारखानदारांनी बनविलेली. तथापि हे अनुमान सरसकट लावणे मला योग्य वाटत नाही. १८८० नंतर हिंदुस्थानची रुई लँकेशायरपेक्षा युरोप खंडात आणि पुढे जपानात अधिक जाऊ लागली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय हंगामी कारखाने सोडावेत अशी इच्छा परदेशी व्यापाऱ्यांइतकीच देशी जिनमालकांची व खुद्द सरकारची होती. जिन गावोगाव विखुरलेले, त्यांवर देखरेख ठेवण्यास निरीक्षक नाहीत, आणि शेतीच्या मोसमाशी बांधलेल्या कामाला शहरी गिरणीचे नियम लावणे अव्यवहार्य, हा युक्तिवाद त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत पुनःपुन्हा भेटतो. त्यातील ‘अव्यवहार्य’ या शब्दाची परीक्षा पुढे होईलच.

मार्च १८९० मध्ये बर्लिनला श्रमविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे ठराव हिंदुस्थान सरकारपर्यंत पोहोचले, त्याच वर्षी नवा कारखाना आयोग नेमला गेला आणि लोखंडे यांना त्याच्या कामात स्थान मिळाले. १८९१ च्या कायद्याने माणसांची अट शंभरावरून पन्नासावर आणली आणि स्त्रियांचे तास अकरा ठरविले. हंगामी कारखाने कायद्यात पूर्णपणे यावयास मात्र १९११ साल उजाडावे लागले. आणि तेव्हाही स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिनिंग कारखान्यांना सवलत मिळाली. १९२२ च्या कायद्याने वीस माणसांपर्यंतचे कारखाने कक्षेत आले व आठवड्याला साठ तासांची मर्यादा पडली. १९३४ च्या कायद्याने पुन्हा दोन वर्ग केले. बारमाही कारखान्यात आठवड्याला चोपन्न तास, हंगामी कारखान्यात साठ. सरकी काढणे हे काम हंगामी म्हणून तेथे नाव घेऊन नोंदलेले आहे. व्याख्येबाहेरचा जिन व्याख्येत आला; पण आला तो खालच्या पायरीवर. हा भेद १९४८ च्या कायद्याने दूर झाला.

हे सर्व पैनगंगेच्या पलीकडचे. अलीकडे काय होते?

काटेकोर बोलावयाचे तर वऱ्हाडही निजामाचाच मुलूख होता. १९०२ च्या करारानंतरही त्याचे नाममात्र स्वामित्व निजामाकडेच राहिले. परंतु तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे अधिसूचना काढून लागू करण्याची पद्धत होती. हिंगोलीस ती सोय किंवा गैरसोय नव्हती. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्या परिषदेत कामाच्या तासांविषयी जो करार झाला त्यात हिंदुस्थानसाठी साठ तासांच्या आठवड्याचे स्वतंत्र कलम घातले गेले. त्या कलमातील शब्द आहेत ‘ब्रिटिश हिंदुस्थान’, आणि त्यातही तेथे त्या वेळी कारखाना-कायद्याखाली येणारे धंदे. या संघटनेचे पहिले श्रममानक अशा रीतीने संस्थानांच्या सीमेवर थबकले. पुढे १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाचे कार्यक्षेत्रही ब्रिटिश हिंदुस्थानपुरतेच होते. तेव्हा वऱ्हाडातील जिनविषयी अभ्यासकाला जे छापील साहित्य मिळते तसे हिंगोली-परभणीविषयी मिळत नाही. हैदराबाद संस्थानाने आपला कारखाना कायदा १३३७ फसलीत, म्हणजे १९२७-२८ च्या सुमारास केला. तोवर वाशीमच्या बाजूच्या एखाद्या जिनवर निदान कागदोपत्री तासांची मर्यादा होती आणि तीसेक मैलांवरील हिंगोलीच्या जिनवर तीही नव्हती. दोहोंतून निघालेल्या गाठी मुंबईच्या एकाच बाजारात उभ्या राहत आणि बोली लावणाऱ्याला त्यांतील हा फरक दिसत नसे.

पण गाठीवरून दुसऱ्या काही गोष्टी अवश्य दिसत. येथेच या इतिहासातील सर्वांत बोलका कागद आपल्या हाती येतो. हलक्या कापसाची भेसळ, पाणी मारणे, सरकी व माती मिसळणे या तक्रारी जुन्या होत्या. मुंबईत १८६३ मध्येच कापसातील लबाडीविरुद्ध कायदा झाला होता. १९१७ मध्ये नेमलेल्या कापूस समितीने या प्रश्नाचा पुन्हा विचार केला, आणि १९२५ मध्ये जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा स्वतंत्र कायदा झाला. या कायद्यान्वये प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे सक्तीचे झाले. कोणाचा कापूस पिंजला-दाबला याची नोंदवही कारखान्यात ठेवावी लागे. नव्या जिनघराला कच्चा कापूस आत आणण्याचे दार वेगळे आणि रुई बाहेर नेण्याचे दार वेगळे असावे, इतका बारकावा कायद्याने सांगितला. लिव्हरपूलला किंवा कोबेला गाठ फोडल्यावर तीत भेसळ आढळली, तर खूण पाहून ती कोणत्या प्रेसमध्ये दाबली गेली येथवर माग काढता येत होता.

विखुरलेल्या हंगामी कारखान्यांवर देखरेख करणे अव्यवहार्य आहे, असे जे सरकार चाळीस वर्षे म्हणत आले होते त्याच सरकारचा हा कायदा आहे. रुईच्या शुद्धतेसाठी नोंदवही ठेवविता आली, दारांची जागा ठरविता आली, गाठीगणिक क्रमांक घालता आला. त्याच दारातून आत जाणाऱ्या बाईच्या नावाचा व तासांचा त्या कायद्यात उल्लेख नाही. माग काढणे शक्य होते किंवा नव्हते, हा प्रश्न १९२५ मध्येच निकालात निघाला होता. खरेदीदार कशाविषयी विचारतो, एवढाच प्रश्न उरला होता.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर हिंगोलीला देशाचाच कारखाना-कायदा लागू झाला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९७२ पासून राज्याच्या एकाधिकार खरेदी योजनेत कापसाचा खरेदीदार एकटे शासनच होते. शेतकऱ्याला भाव काय मिळतो, यावर त्या तीन दशकांत जेवढा वाद झाला त्याच्या शतांशानेही वेचणी करणारीला काय मिळते यावर झाला नाही. हा काळ स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. येथे त्यात शिरत नाही.

आजच्या कंपन्यांच्या आचारसंहितांचा आरंभ लेव्ही स्ट्रॉस कंपनीने १९९१ मध्ये पुरवठादारांसाठी केलेल्या नियमांपासून धरला जातो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मरण पावले. त्यानंतर आग व इमारत सुरक्षेविषयी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात जो बंधनकारक करार झाला तो शिवणकामाच्या कारखान्यांपुरता होता. मोठी दुर्घटना जेथे घडली तेथे नियम आला, यात अनपेक्षित काही नाही. परंतु कापड विणणारा, सूत काढणारा, सरकी काढणारा आणि कापूस वेचणारा ही कडी एकामागून एक अंधारात जातात. कंपन्यांच्या प्रसिद्ध याद्यांत शिवण-कारखान्यांची नावे असतात. जिनचे नाव तेथे क्वचितच असते.

याला अपवाद आहेत आणि ते उद्बोधक आहेत. उझबेकिस्तानात शासनच विद्यार्थ्यांना व नोकरांना कापूस वेचणीस जुंपत होते. त्याविरुद्ध चाललेल्या मोहिमेत शेकडो कंपन्यांनी त्या देशाचा कापूस न वापरण्याची हमी दिली. २०२२ मध्ये तो बहिष्कार उठविला गेला, तो परिस्थिती पालटल्यावर. सिंजियांगच्या कापसासंबंधी अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा केला, आणि सदऱ्यातील धागा कोणत्या प्रदेशाच्या मातीतून आला याची रासायनिक परीक्षा होऊ लागली. म्हणजे चौकशी शेताच्या बांधापर्यंत जाऊ शकते. ती जाते तेव्हा बहुधा एखाद्या राजवटीविरुद्ध जाते. जेथे सक्ती करणारी राजवट नाही, केवळ तुटपुंजी मजुरी आणि ऋतूचा रेटा आहे, तेथे तिचा उत्साह मंदावतो. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या यादीत भारतातील कापसाचे नाव बालमजुरीसंदर्भात बरीच वर्षे आहे; त्याने गाठींच्या व्यापारात फारसा अडथळा आलेला दिसत नाही.

आपल्या देशात ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाने जी योजना अलीकडे सुरू झाली तीत गाठीवर संकेतचिन्ह लावले जाते व तिचा प्रवास संगणकीय नोंदीत पाहता येतो. तिच्या कसोट्या मुख्यतः तंतूची लांबी, बळकटी, कचरा, ओलावा अशा आहेत. १९२५ च्या कायद्याचा अभ्यास केलेल्याला हे वाचून ओळखीचा चेहरा भेटल्यासारखे वाटेल. ‘बेटर कॉटन’ या आंतरराष्ट्रीय योजनेच्या नियमांत न्याय्य श्रमाचे कलम आहे, ही पुढची पायरी होय. पण तिच्या पद्धतीत कापूस वेगळा राखण्याचे बंधन शेतापासून जिनपर्यंतच होते. जिननंतर तो इतर कापसात मिसळता येई आणि हिशेब केवळ वजनाचा राही. सबंध मार्गाचा माग ठेवण्याची सोय २०२३ च्या अखेरीस आली.

इकडे कायद्याची व्याख्याही हलली आहे. १९४८ च्या कायद्यात यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा माणसांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने घेतली आणि तीत ही संख्या वीस झाली. पूर्वी बायका टोपल्यांनी जिन भरीत. नव्या जिनमध्ये वाऱ्याच्या नळ्यांतून कापूस आपोआप यंत्रावर येतो आणि माणसे थोडी लागतात. हिंगोली-वसमतच्या बाजूचे किती जिन आता वीसच्या वर राहतात आणि किती खाली जातात, हे हंगामात तेथे जाऊन मोजण्यासारखे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका मोसमात पुरे करता येईल असे हे काम आहे.

वेचणारीची गोष्ट मात्र कोणत्याच व्याख्येत आलेली नाही. शेतमजुरीला १९४८ च्या किमान वेतन कायद्याने स्पर्श केला, पण वेचणी उक्ती, किलोमागे ठरलेल्या दराने होते. सकाळच्या दवाने कापूस ओला असला की वजन आणि वाद दोन्ही वाढतात. संध्याकाळी बांधावर काटा लागतो. कोणी किती किलो वेचला हे शेतकरी खिशातल्या वहीत टिपून ठेवतो, कारण हिशेब आठवडी बाजाराच्या दिवशी चुकता करावयाचा असतो. नाव, तारीख, वजन, दिलेली रक्कम. जिनच्या नोंदवहीत नाही, कंपनीच्या अहवालात नाही, ते सारे त्या वहीत असते. पुराभिलेखागारात अशी वही कोणी जमा केलेली नाही. हंगाम सरला की ती बहुधा घरातल्या मुलांच्या हाती जाते, नाहीतर चुलीत.